दोन सर्व्हर, एक दप्तर

एकाच कारखान्यात घडलेली, एकाच मागणीपत्रावर खरेदी झालेली, स्मृती तेवढीच, तबकडी तीच आणि डेटाबेसही तोच अशी दोन यंत्रे शेजारी शेजारी बसवावीत, दोघांनाही अक्षरशः एकच प्रश्न विचारावा, आणि एकाने निमिषार्धात उत्तर हाती द्यावे तर दुसऱ्याने आठ मिनिटे तिष्ठत ठेवावे, हा प्रकार संगणकाच्या व्यवसायात इतका नित्याचा आहे, की त्याचे निदान करण्याची एक स्वतंत्र विद्याच निर्माण झाली आहे. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा घरगुती प्रश्न वाटतो. परंतु ज्या प्रांतात जमिनीचा हक्क, वारसाची नोंद आणि बँकेचा बोजा ही सर्व सर्व्हरच्या पोटात जाऊन बसली आहेत, त्या प्रांतातील सामान्य माणसाला या प्रश्नाविषयी उदासीन राहून चालण्यासारखे नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात शेणवा नावाचे गाव आहे. भाताचे खाचर, माळावरचे गवत आणि पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओढे यांच्या या मुलखातील शेतकऱ्याचा सरकारी दप्तराशी संबंध फार जुना आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तिला आजचे रूप दिले. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आणि आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या सर्व जमिनींचा एकत्र उतारा, ही नावे गावातल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही मुखोद्गत असतात. २००८ साली केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि २०१८ साली महाराष्ट्रदिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. ज्या कागदासाठी एसटीने शहापूर गाठून दिवस मोडावा लागे, तो कागद पंधरा रुपयांत घरबसल्या मिळण्याची सोय झाली, ही लहानसहान क्रांती नव्हे. मात्र त्या क्षणापासून तलाठ्याच्या बस्त्याची जागा सर्व्हरने घेतली, आणि सर्व्हर मंद झाला म्हणजे बस्ता हरवल्यासारखीच खोळंब्याची स्थिती उत्पन्न होऊ लागली.

पुढे जे उदाहरण मी घेणार आहे ते कोणत्याही कचेरीतील प्रत्यक्ष घडामोडीचे नाही. विषय ध्यानात यावा एवढ्यासाठीच ते आपल्या परिचयाच्या वह्यांच्या आधाराने रचलेले आहे. त्यातील यंत्रणा म्हणून मी पोस्टग्रेस हा डेटाबेस गृहीत धरतो. कारण कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर यांनी आरंभिलेला आणि आज जगभर विनामूल्य वापरला जाणारा हा डेटाबेस आपला कारभार कसा चालवतो हे संपूर्णपणे उघडे करून दाखवतो.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की डेटाबेसला प्रश्न विचारणारा मनुष्य उत्तर कसे शोधावे हे सांगतच नाही. जुन्या दप्तरखान्यात कोणती वही आधी काढायची, कोणत्या पानापासून आरंभ करायचा, हे कारकुनाच्या अनुभवावर अवलंबून असे. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी असा विचार मांडला, की विचारणाऱ्याने आपल्याला काय हवे एवढेच सांगावे आणि शोधण्याचा मार्ग यंत्राने स्वतः ठरवावा. तो मार्ग ठरवायचा कसा, याचे उत्तर १९७९ साली त्याच कंपनीतील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले: संभाव्य मार्ग मांडावेत, प्रत्येकाचा खर्च अजमावावा आणि सर्वांत स्वस्त मार्ग पत्करावा. आजचे बहुतेक डेटाबेस याच तत्त्वावर चालतात. प्रश्नाला क्वेरी, निवडलेल्या मार्गाला प्लॅन, आणि तो निवडणाऱ्या अंगाला प्लॅनर म्हणतात. तेव्हा दोन सर्व्हरांना एकच क्वेरी दिली, म्हणजे दोघांनी एकच काम केले असे होत नाही. दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे आपापला मार्ग धरला, एवढाच त्याचा अर्थ सांगता येईल. आणि ही समजूत ज्या सामग्रीवर उभी असते, ती सामग्री म्हणजे अंदाज.

अंदाजाचे हे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. पीक उभे असताना नजरअंदाजाने पैसेवारी काढतात, आणि पुढे निवडक शेतांतील ठरावीक तुकडा कापून, मळणी करून, वजन घेऊन पीक कापणी प्रयोगाने उत्पन्नाचा पडताळा पाहतात. या प्रयोगांना शास्त्रीय पायावर उभे करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा फार मोठा आहे. कापणीचा तुकडा अति लहान घेतला तर सीमेवरची रोपे आत धरली जाण्याकडे हाताचा कल होतो आणि उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले. नमुना घेण्याच्या रीतीतच दोष असेल, तर नमुन्यांची संख्या कितीही वाढवली तरी तो दोष जात नाही, हा त्यातील बोध. डेटाबेसदेखील हेच करतो. वीस लाख ओळींचे टेबल तो पुनःपुन्हा समग्र वाचीत बसत नाही. पोस्टग्रेस आपल्या मूळ मांडणीत सुमारे तीस हजार ओळींचा यादृच्छिक नमुना घेतो, कोणते मूल्य किती वेळा आढळते याचा तक्ता करून ठेवतो, आणि पुढचे सर्व निर्णय त्या तक्त्यावर घेतो. हा तक्ता ताजा करण्याची क्रिया आपोआप घडते खरी. पण त्यासाठी टेबलातील साधारण दहा टक्के ओळी बदललेल्या असाव्या लागतात, असा त्याचा शिरस्ता आहे.

या शिरस्त्यातूनच आपल्या उदाहरणातील फरक कसा जन्माला येतो ते पाहू. शहापूर तालुक्यातील जमिनी तानसा आणि भातसा यांसारख्या जलाशयांसाठी पूर्वी गेल्या, आणि अलीकडे समृद्धी महामार्गासाठीही गेल्या. त्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा २०२५ च्या जून महिन्यात वाहतुकीस खुला झाला. अशा संपादनाच्या वेळी एका विशिष्ट प्रकारच्या नोंदी थोड्या अवधीत, थोड्या गावांत, दाटीने दाखल होतात. समजा, वीस लाख फेरफारांच्या आपल्या काल्पनिक टेबलात भूसंपादनाच्या अठ्ठेचाळीस हजार नोंदी नव्याने आल्या. वीस लाखांचे दहा टक्के म्हणजे दोन लाख. अठ्ठेचाळीस हजार ही संख्या तिथवर पोचत नाही. परिणामी पहिल्या सर्व्हरवरील तक्ता जुनाच राहिला, आणि त्या तक्त्याप्रमाणे या प्रकारच्या नोंदी जेमतेम चाळीस. दुसरा सर्व्हर मात्र नंतर उभा केला. सर्व डेटा त्यात नव्याने भरला, आणि भरल्यानंतर जाणत्या माणसाने ॲनालाइझची आज्ञा देऊन तक्ता ताजा केला. दप्तर दोन्हीकडे अक्षरशः एकच; दप्तराविषयीची समजूत मात्र भिन्न.

आता क्वेरी अशी, की भूसंपादनाचे सर्व फेरफार काढावेत आणि प्रत्येकापुढे खातेदाराचे नाव लावावे. या क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन ॲनालाइझ हे दोन शब्द लावले, म्हणजे डेटाबेस आपली कैफियत लिहून देतो: मार्ग कोणता धरला, प्रत्येक टप्प्यावर किती ओळी मिळतील असा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात किती मिळाल्या. पहिल्या सर्व्हरच्या कैफियतीत अंदाजाच्या रकान्यात ४० आणि प्रत्यक्षाच्या रकान्यात ४८,००० असे आकडे शेजारी शेजारी दिसतात. चाळीसच नोंदी मिळणार असे वाटल्यामुळे त्याने विचार केला, की एकेक नोंद घ्यावी आणि खातेदारांच्या टेबलात इंडेक्सच्या, म्हणजे क्रमवार सूचीच्या, आधारे तिचे नाव शोधावे. चाळीस खेपांना कितीसा वेळ लागणार? या पद्धतीला नेस्टेड लूप म्हणतात, आणि चाळीस ओळींसाठी ती सर्वोत्तमच आहे. परंतु खेपा पडल्या अठ्ठेचाळीस हजार. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी असेल, तर हवे ते पान वाचनशिराखाली येईपर्यंत सरासरी चार सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक काळ जातो. त्यात शीर्ष हलवण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला शंभराच्या आसपास विस्कळित वाचने होतात. सर्वच पाने तबकडीवरून आणावी लागली, तर अठ्ठेचाळीस हजार वाचनांची आठ मिनिटे होतात. दुसऱ्या सर्व्हरला खरी संख्या ठाऊक होती. म्हणून त्याने खातेदारांचे टेबल आरंभापासून अखेरपर्यंत सलग एकदाच वाचले, स्मृतीत त्याची मांडणी केली आणि सर्व नोंदींशी जोडणी उरकली. यास हॅश जॉइन म्हणतात. आठशे मेगाबाइटचे टेबल सलग वाचण्यास त्याच तबकडीवर दहा सेकंदही पुरेसे होतात. बळ दोघांचे सारखेच होते. अंतर पडले ते एका चुकलेल्या आकड्यामुळे.

निदानाचा पहिला आणि सर्वांत मौल्यवान नियम यातून निघतो: दोन्ही सर्व्हरांच्या कैफियती समोरासमोर ठेवून, सर्वांत आतल्या टप्प्यापासून बाहेर येत, अंदाज आणि प्रत्यक्ष यांची फारकत प्रथम कोठे होते तेवढे स्थान शोधावे. त्याच्या बाहेरचा विलंब बहुधा त्या मूळ चुकीची संतती असतो. जिथे वेळ सर्वांत अधिक गेला त्या टप्प्यावरच दृष्टी खिळवणारा माणूस परिणामाला कारण समजून उपचार करीत बसतो. आणखी एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. एक्स्प्लेन ॲनालाइझ ही आज्ञा क्वेरी खरोखरीच चालवते; म्हणून नोंद बदलणारी किंवा खोडणारी क्वेरी तपासावयाची असेल, तर ती ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या, आत चालवून अखेरीस रोलबॅक, म्हणजे रद्द, केल्याखेरीज तिला हात लावू नये.

तक्ता ताजा असूनही अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते ठाण्याच्याच नकाशावरून उत्तम समजते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. समजा, टेबलातील सातवा हिस्सा नोंदी शहापूरच्या आहेत आणि आठशेवा हिस्सा शेणव्याच्या. तालुका शहापूर आणि गाव शेणवा अशा दोन अटी एकत्र घातल्या, की प्लॅनर त्या दोन अटींना परस्परांशी असंबद्ध मानून गुणाकार करतो आणि पाच हजार सहाशेवा हिस्सा असे उत्तर काढतो. शेणवा शहापुरातच आहे, तेव्हा दुसरी अट पाळली की पहिली आपोआप पाळली जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि अंदाज सातपटीने कमी भरतो. असे परस्परसंबंध प्लॅनरला कळवण्याची सोय पोस्टग्रेसच्या २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून झाली. एका सर्व्हरवर कोणा दक्ष माणसाने ती तजवीज करून ठेवलेली असावी आणि दुसऱ्यावर नसावी, हाही दोन सारख्या यंत्रांतील न दिसणारा भेद होऊ शकतो.

मराठी नावांच्या शोधात तर एक विशेष खाच आहे. आडनाव ‘भो’ने सुरू होणारे सर्व खातेदार काढा, अशी क्वेरी रोजच्या कामातली. डेटाबेस प्रथम उभा करताना अक्षरे कोणत्या क्रमाने लावायची हे ठरते. ते कोणी मुद्दाम ठरवले नाही, तर त्या यंत्राच्या भाषाविषयक मांडणीवरून आपोआप ठरते. क्रम निव्वळ संकेतांकांचा असेल, तर अशा आद्याक्षरांच्या शोधाला साधा इंडेक्स उपयोगी पडतो. क्रम एखाद्या भाषेच्या नियमांनी बांधलेला असेल, तर तोच इंडेक्स या कामाला लागू पडत नाही, आणि त्याच्यासाठी निराळ्या धाटणीचा इंडेक्स न केल्यास समग्र टेबल वाचावे लागते. ज्याने पहिला सर्व्हर मांडला आणि ज्याने दुसरा मांडला, त्यांच्या एका अनवधानाच्या निवडीने एवढा फरक पडतो. याहून गंभीर गोष्ट २०१८ साली घडली. लिनक्समधील जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीने अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स घेऊन जे डेटाबेस नव्या यंत्रावर गेले, त्यांत असलेली नोंद न सापडण्याचा धोका निर्माण झाला. मंद उत्तर एक वेळ सोसता येते. हक्काच्या दप्तरात चुकीचे उत्तर सोसता येत नाही. म्हणूनच दोन सर्व्हरांची तुलना करताना डेटाबेसच्या आवृत्तीबरोबर त्याखालील प्रणालीची आवृत्तीही रुजू घालावी.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ तत्काळ नाहीशी होत नाही; व्हॅक्युम नावाची झाडलोट ती जागा मोकळी करते, आणि एखादे ट्रान्झॅक्शन दिवसभर उघडे राहिले तर तीही अडते. त्यामुळे अनेक वर्षे राबलेल्या सर्व्हरवरचे टेबल मृत ओळींनी फुगलेले असते, तर नव्याने भरलेल्या सर्व्हरवरचे तेच टेबल आटोपशीर. मांडणीतील नियमांकांचेही तसेच: वर्क-मेम, म्हणजे क्रमवारीसारख्या कामासाठी दिलेली स्मृती, मुळात चार मेगाबाइट असते, आणि एका यंत्रावर ते वाढवलेले, दुसऱ्यावर मूळचेच, एवढ्याने एकाची क्रमवारी स्मृतीत होते आणि दुसऱ्याची तबकडीवर. आवृत्ती बदलताना, अठराव्या आवृत्तीपूर्वी, नमुन्यांचा तक्ता नव्या डेटाबेसात येतच नसे. स्थलांतरानंतर ॲनालाइझ करावयाचे राहिले, की पहिले काही तास अंधारात चाचपडण्यात जात. कुलूप, म्हणजे लॉक, धरून बसलेली दुसरी क्वेरी, विजेची बचत करणारी प्रोसेसरची मांडणी, आणि हजारो बारीक प्रश्न नेटवर्कवरून एकामागून एक पाठवणारे ॲप्लिकेशन ही कारणेही पुष्कळदा आढळतात.

परंतु कारणांची यादी पाठ असणे म्हणजे निदान येणे नव्हे. निदानात क्रम पाळावा लागतो. आधी तीच क्वेरी, त्याच मूल्यांसह, थेट डेटाबेसात चालवून पाहावी. ती तेथे जलद असेल तर दोष बाहेर आहे. ती एकदाच न चालवता पुनःपुन्हा चालवावी, कारण पहिल्या खेपेला तबकडीवरून आलेली पाने दुसऱ्या खेपेला स्मृतीत तयार असतात, आणि आठ मिनिटांची ती चुकीची योजना तेव्हा सेकंदभरातही आटोपते. मग पाहणारा ‘आपोआप बरे झाले’ म्हणून उठतो, आणि दुसऱ्या सोमवारी सर्व्हर पुन्हा सुरू होताच तेच दुखणे परत येते. नंतर कोणी कुलूप धरून बसले आहे काय ते पाहावे. नंतर दोन्ही प्लॅन. नंतर तक्ते, इंडेक्स आणि नियमांक यांचा ओळीने मुकाबला. आणि यंत्रसामग्रीची चौकशी सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलाची नोंद करावी. पाच उपाय एकदम केले आणि गुण आला, तर कोणत्या उपायाने आला हे कळत नाही, आणि ज्ञानाची संधी वाया जाते.

प्लॅनर किती नाजूक तराजूवर निर्णय घेतो, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत हरित्सा यांच्या संशोधनगटाने २००५ साली चित्ररूपाने दाखवले. प्रश्नातील मूल्य थोडथोडे सरकवीत कोणत्या ठिकाणी कोणता प्लॅन निवडला जातो हे त्यांनी रंगांनी भरले, तेव्हा अनेक नामांकित डेटाबेसांची चित्रे विलक्षण गुंतागुंतीची निघाली. एका रंगाच्या अगदी कडेला दुसरा रंग. त्या कडेवर उभ्या असलेल्या क्वेरीला अंदाजातील लहानसा फरकही पलीकडे ढकलू शकतो. आपल्या पवई येथील आयआयटीतही प्रा. सुदर्शन यांनी या विषयात दीर्घकाळ अध्यापन आणि संशोधन केले असून, सिल्बरशाट्झ आणि कॉर्थ यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ डेटाबेस शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती असतो. तेव्हा ही विद्या आपल्यापासून दूर नाही. ती तालुक्याच्या पातळीवर, जिथे तिची गरज आहे तिथे, पोचवण्याचे कर्तव्य तेवढे उरले आहे.

ते कर्तव्य मला फार महत्त्वाचे वाटते. सर्व्हर मंद झाला की नवा सर्व्हर घ्यावा, अशी मागणी सर्वांत आधी पुढे येते. आणि नवा सर्व्हर आल्यावर, त्यावर डेटा ताजा भरला गेल्यामुळे आणि तक्ता नव्याने झाल्यामुळे, काही दिवस काम वेगाने चालते. ही गती पैशाने विकत घेतली असा समज दृढ होतो. वस्तुतः ती ॲनालाइझच्या एका आज्ञेने जुन्या यंत्रावरही मिळाली असती. सार्वजनिक पैसा आणि शेतकऱ्याचा मोडलेला दिवस, या दोहोंचा अपव्यय टाळण्याचा उपाय स्वस्त आहे. सर्व्हर सुस्थितीत असतानाच त्याच्या मुख्य क्वेरींचे प्लॅन, अंदाज आणि प्रत्यक्षाचे आकडे, नियमांक आणि आवृत्त्या तारखेनिशी लिहून ठेवाव्यात, आणि दोन सर्व्हर असतील तर दोघांच्याही ठेवाव्यात. महसुली कारभाराने शंभराहून अधिक वर्षे प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख आणि सही लावण्याची जी शिस्त पाळली, तीच शिस्त त्या फेरफारांना आता आश्रय देणाऱ्या यंत्राच्या बाबतीत पाळावयाची आहे. ज्याच्यापाशी चांगल्या दिवसाची नोंद आहे, त्याला वाईट दिवशी तर्क लढवावे लागत नाहीत. त्याने दोन कागद शेजारी धरावेत आणि कोणती ओळ बदलली ते वाचावे.